गाठ आणि वीज

मराठीत ‘गाठ’ हा शब्द मोठा कामाचा आहे. दोरीला गाठ बसते, वाटेत कुणाची गाठ पडते, लग्नाच्या गाठी वरच बांधलेल्या असतात असे आपण म्हणतो, आणि अंगावरून हात फिरवताना बोटांना लागते तीही गाठच. शास्त्राच्या परिभाषेत तिला ‘अर्बुद’ म्हणतात. तो शब्द जुना आहे; सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी आणि अर्बुद यांचा विचार एकाच अध्यायात आला आहे. ‘कर्करोग’ मात्र अलीकडचा. ग्रीक ‘कार्किनोस’, म्हणजे खेकडा, या कल्पनेवर घडवलेला. ‘वीज’ या शब्दाचीही अशीच गंमत आहे. आभाळात कडाडते ती आणि बटण दाबल्यावर येते ती, दोघींना आपल्याकडे एकच नाव. हे दोन शब्द, गाठ आणि वीज, वैद्यकाच्या इतिहासात एकमेकांजवळ कसे आले, दूर कसे गेले आणि पुन्हा कसे जवळ आले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यायचा आहे.

या इतिहासाचे आजचे टोक असे, की मेंदूतील अर्बुदाजवळ कायमचे बसवून ठेवता येईल आणि रात्रंदिवस विद्युतक्षेत्र निर्माण करत राहील अशी उपकरणे घडवण्याचे प्रयत्न चालू आहेत. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला या विषयात रस वाटावा याचे कारण तंत्रज्ञान हे नव्हे. एक पेटी, तिच्यातून निघालेल्या तारा, आणि ‘अमुक एका वारंवारतेने गाठ हटते’ असा दावा हे चित्र विसाव्या शतकाच्या आरंभी एकदा दिसले आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा दिसले. पहिल्या वेळी ती शुद्ध लबाडी होती. दुसऱ्या वेळी अमेरिकेच्या औषध नियामकाने तिला मान्यता दिली. दोन्ही दाव्यांची भाषा मात्र चकित व्हावे इतकी सारखी आहे. मग त्यांतला फरक वाचणाऱ्याने ओळखायचा कशावरून?

आरंभ बोलोन्याच्या लुइजी गाल्व्हानीपासून करण्याची प्रथा आहे. बेडकाच्या पायावरील त्याचे प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध झाले आणि सजीवांच्या अंगात वीज असते ही कल्पना युरोपभर पसरली. त्याचा भाचा जिओव्हानी आल्दिनी याने १८०३ च्या जानेवारीत लंडनमध्ये फाशी गेलेल्या जॉर्ज फॉर्स्टर या कैद्याच्या प्रेताला विजेच्या तारा लावल्या. जबडा थरथरला, एक डोळा उघडला. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’चा उल्लेख इथे अपरिहार्यपणे होतो. पण १८१८ च्या कादंबरीत तो जीव विजेने जिवंत केला असे कुठेही स्पष्ट सांगितलेले नाही. गाल्व्हानीच्या शास्त्राचे नाव शेलीने १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत घेतले, आणि विजेच्या लखलखाटात उठून बसणारा राक्षस आपल्या डोळ्यांपुढे उभा केला तो १९३१ च्या चित्रपटाने. वीज म्हणजे प्राण हे रूपक असे हळूहळू, वाचकांच्या आणि प्रेक्षकांच्या मनात घट्ट होत गेले. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे वैद्यकालाही ते सुटले नाही.

अपवाद होते. पॅरिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ जॉर्ज अपोस्तोली यांनी १८८० च्या दशकात गर्भाशयातील तंतुगाठींवर विजेचा उपचार सुरू केला. या गाठी कर्करोगाच्या नसतात, पण रक्तस्रावाने बाईला जेरीस आणतात, आणि त्या काळी त्या कापून काढण्याची शस्त्रक्रिया जीवघेणी ठरे. अपोस्तोली पोटावर कुंभाराच्या ओल्या मातीचा रुंद थर देत, दुसरे टोक म्हणून प्लॅटिनमची सळई गर्भाशयात सरकवत, आणि मग सरळ विद्युतधारा सोडत. मातीचा थर अशासाठी, की धारा मोठ्या पृष्ठभागावर पसरावी आणि कातडी भाजू नये. त्यांचे वेगळेपण मोजण्यात होते. किती मिलिअँपिअर, किती मिनिटे, किती बैठका याची नोंद ते ठेवत. धारा २५० मिलिअँपिअरपर्यंत नेत. एडिंबरोचे नामवंत शल्यविशारद टॉमस कीथ यांनी ही पद्धत उचलली आणि मुलाबरोबर १८८९ मध्ये तिच्यावर पुस्तक काढले. हातात सुरी असलेला माणूस सुरी खाली ठेवून तारेकडे वळला, ही घटना त्या काळाच्या मानाने लहान नव्हती. पुढे निर्जंतुक शस्त्रक्रिया सुरक्षित होत गेली तशी अपोस्तोलीची माती आणि सळई दोन्ही अडगळीत गेली. पद्धत खोटी ठरली असे म्हणण्यापेक्षा तिची गरज सरली असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

मोजण्याची ही शिस्त बाजूला ठेवून मोजण्याचा नुसता आव आणला, की काय होते हे सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. अल्बर्ट एब्रम्स यांच्या उदाहरणावरून दिसते. प्रत्येक रोगाची स्वतःची एक कंपनसंख्या असते, असा त्यांचा सिद्धांत होता. रोग्याने समोर यायचीही गरज नाही. कागदावर वाळलेला रक्ताचा थेंब टपालाने पाठवला की पुरे. तो ‘डायनॅमायझर’ नावाच्या यंत्रात ठेवायचा, तार एका निरोगी माणसाच्या कपाळाला लावायची, त्याला पश्चिमेकडे तोंड करून उभे करायचे, आणि त्याच्या पोटावर टिचक्या मारून आवाजावरून निदान करायचे. निदान झाले की ‘ऑसिलोक्लास्ट’ नावाची पेटी त्याच कंपनसंख्येने रोग मोडून काढणार. ही पेटी विकत मिळत नसे. ती भाड्याने दिली जाई, आणि अट अशी की भाडेकरू डॉक्टरने ती उघडून पाहायची नाही.

या अटीकडे वाचकाने जरा थांबून पाहावे. या इतिहासातील सर्वांत बोलका पुरावा तोच आहे असे मला वाटते.

तरीही एब्रम्स यांना अनुयायी मिळाले, आणि सामान्य अनुयायी नव्हे. शिकागोच्या मांस उद्योगाची लक्तरे ‘द जंगल’ या कादंबरीतून वेशीवर टांगणारे अप्टन सिंक्लेअर त्यांच्या दवाखान्यात गेले, भारावले, आणि १९२२ साली त्यांनी एब्रम्स यांच्यावर गौरवपर लेख लिहिला. ‘द जंगल’ १९०६ चे. त्याच वर्षी अमेरिकेत अन्न आणि औषधांच्या शुद्धतेचा कायदा झाला आणि त्यामागे त्या कादंबरीने उठवलेले वादळ होते हे साहित्याच्या प्रत्येक इतिहासात लिहिलेले असते. बनावट मालाविरुद्ध ज्याच्या लेखणीने कायदा घडवायला हातभार लावला, तोच लेखक बंद पेटीपुढे हात जोडून उभा राहिला. याला भोळेपणा म्हणून सोडून देता येत नाही. सिंक्लेअर यांची सारी लेखनदृष्टीच प्रस्थापितांवरील अविश्वासातून घडलेली होती. मोठ्या वैद्यकीय संघटना एखाद्याला झिडकारतात, म्हणजे त्याच्याजवळ काही सत्य असलेच पाहिजे, असे त्यांना वाटले. अविश्वासाची ही सवय आपल्या वाङ्मयीन संस्कृतीतही कमी नाही, आणि ती नेहमीच योग्य जागी खर्च होते असे नाही. १९२३-२४ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकाने समिती नेमून महिनोन्‌महिने चौकशी केली आणि हा सारा प्रकार निरर्थक असल्याचा निष्कर्ष काढला. तो निघण्याआधीच, १९२४ च्या जानेवारीत, एब्रम्स वारले होते.

या प्रकरणाने एक नुकसान मात्र केले. वीज आणि कर्करोग हे शब्द एका वाक्यात आले की गंभीर माणूस मान फिरवू लागला. १९२६ साली हार्वी कुशिंग यांनी विल्यम बोव्ही यांच्या यंत्राच्या साह्याने मेंदूची अर्बुदे काढली, पण तिथे वीज ही केवळ रक्त थांबवणारी सुरी होती. तिच्याबद्दल कुणाला संशय वाटण्याचे कारण नव्हते. उलट येल विद्यापीठाचे हॅरल्ड बर यांनी तत्त्वज्ञ नॉर्थ्रॉप यांच्यासह १९३५ मध्ये जीवनाचा ‘विद्युत-गतिक सिद्धांत’ मांडला आणि पुढे गर्भाशयाच्या कर्करोगात विद्युतदाब बदलतो का याची मोजमापे केली, तेव्हा त्यांच्याकडे फारसे कुणी वळले नाही. बर प्रामाणिक संशोधक होते, मोजमापेही काळजीची होती. पण सिद्धांताचा पसारा मोजमापांच्या कितीतरी पुढे गेलेला होता. प्राणाचे रूपक इथे पुन्हा डोके वर काढते, या वेळी विद्यापीठाच्या पोशाखात.

यानंतरचा खरा धागा स्टॉकहोमजवळच्या सोल्ना येथे सापडतो. तेथील कारोलिन्स्का रुग्णालयात ८ ऑक्टोबर १९५८ रोजी ओके सेनिंग या शल्यविशारदाने आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात पूर्णपणे आत बसणारा पहिला पेसमेकर बसवला. तो रुने एल्मक्विस्ट या अभियंत्याने घडवलेला होता. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. दुसरे बसवावे लागले. लार्सन पुढे आयुष्यभर एकामागून एक पेसमेकर बदलत २००१ पर्यंत जगले. सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही त्यांच्याआधी गेले. लार्सन यांचा मृत्यू हृदयाने झाला नाही, तो त्वचेच्या कर्करोगाने झाला. विजेचे यंत्र माणसाच्या आत वर्षानुवर्षे राहू शकते हे त्यांनी आपल्या जगण्याने दाखवून दिले होते.

त्याच कारोलिन्स्कात ब्यॉर्न नॉर्डेनस्ट्रॉम हे क्ष-किरणतज्ज्ञ काम करत होते. फुप्फुसातील गाठीपर्यंत बारीक सुई नेऊन तिचा तुकडा तपासणीसाठी काढण्याच्या तंत्रात त्यांचे नाव मोठे. क्ष-किरणचित्रांत काही गाठींभोवती त्यांना किरणांचे वलय दिसे. इतर डॉक्टरांच्या दृष्टीने तो चित्रातला दोष होता. नॉर्डेनस्ट्रॉम त्या वलयामागे वर्षानुवर्षे लागले आणि त्यांनी असा तर्क बांधला, की शरीरात रक्तवाहिन्यांच्या मार्गाने वाहणारी विजेची बंद वर्तुळे आहेत आणि अर्बुद त्यांतील बिघाडाशी निगडित आहे. मग तर्कावरून उपचार आला: प्लॅटिनमचे एक टोक गाठीत, दुसरे तिच्याबाहेर, आणि मधून काही व्होल्टांची मंद सरळ धारा. धन टोकाशी आम्ल आणि क्लोरीन तयार होतो, ऋण टोकाशी अल्क. दोन्हींनी पेशी मरतात. १९८३ मध्ये त्यांनी या सर्वांवर ‘बायोलॉजिकली क्लोज्ड इलेक्ट्रिक सर्किट्‌स’ हा जाडजूड ग्रंथ काढला.

ग्रंथाची जवळजवळ कुणी दखल घेतली नाही. एक कारण तो कठीण होता. क्ष-किरणतज्ज्ञाला त्यातले विद्युतशास्त्र परके आणि अभियंत्याला त्यातले शरीरशास्त्र. दुसरे कारण एब्रम्स यांची लांब सावली. आणि तिसरे, जे त्यांच्या चाहत्यांना ऐकायला आवडत नाही, ते असे की मोजक्या रुग्णांवरचे अनुभव होते पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. १९८७ पासून चीनमध्ये ही पद्धत उत्साहाने उचलली गेली, हजारो रुग्णांवर वापरली गेली आणि यशाचे मोठे आकडे प्रसिद्ध झाले. पण तिथेही तुलना नव्हतीच. संख्या वाढली, पुरावा होता तिथेच राहिला. नॉर्डेनस्ट्रॉम २००६ साली वारले. त्यांच्याविषयी लिहिताना दोन टोके टाळणे अवघड जाते; कुणी त्यांना उपेक्षित द्रष्टा म्हणते, कुणी भरकटलेला विद्वान. मला ते या इतिहासातले सर्वांत शोकात्म पात्र वाटतात: पेटी उघडी ठेवणारा, पण पेटीत काय आहे हे दुसऱ्याला पटेल अशा रीतीने दाखवू न शकलेला माणूस.

आता दुसरी पेटी. हैफा येथील टेक्निऑन या संस्थेचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ योराम पाल्टी यांनी २००० मध्ये नोव्होक्युअर ही कंपनी स्थापली. त्यांचा विचार प्राणाच्या रूपकापासून आश्चर्यकारकरीत्या मुक्त आहे. मंद वारंवारतेची प्रत्यावर्ती धारा मज्जातंतूंना उत्तेजित करते. फार उच्च वारंवारतेची ऊतींना तापवते. मधला पट्टा, साधारण १०० ते ३०० किलोहर्ट्‌झचा, जैवदृष्ट्या निरुपयोगी समजला जात असे. पाल्टी यांनी तोच निवडला. पेशी दुभंगत असताना तिच्यातील काही प्रथिने विशिष्ट दिशेने रांगेत लागावी लागतात. या प्रथिनांना विद्युतभाराची दोन टोके असतात, त्यामुळे दिशा सतत पालटणाऱ्या क्षेत्रात त्यांची रांग बिघडते. शिवाय दुभंगण्याच्या शेवटी पेशीला वाळूच्या घड्याळाचा आकार येतो, मधल्या चिंचोळ्या भागाशी क्षेत्र एकवटते आणि आतले घटक तिकडे ओढले जातात. विभाजन फसते, पुष्कळदा पेशी मरते. दुभंगत नसलेल्या पेशीला विशेष काही होत नाही. प्रयोगशाळेतील हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. विद्युतअग्रे विद्युतरोधक थराने झाकलेली असल्यामुळे नॉर्डेनस्ट्रॉम यांच्या पद्धतीतले आम्ल-अल्क इथे तयार होत नाही. पेशींमध्ये हे सगळे नेमके याच क्रमाने घडते का याविषयी अभ्यासकांत अजून मतभेद आहेत.

मेंदूच्या ‘ग्लिओब्लास्टोमा’ या अर्बुदासाठी २०० किलोहर्ट्‌झ ही वारंवारता ठरली. हा रोग किती क्रूर आहे हे एका आकड्यावरून कळते: २००५ मध्ये किरणोपचाराला टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिल्यावर मध्यगत आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले, आणि ती मोठी प्रगती मानली गेली. पाल्टी यांच्या उपचारात रुग्णाचे डोके गुळगुळीत भादरून त्यावर चार चिकट पट्ट्या लावतात. प्रत्येक पट्टीत सिरॅमिकच्या नऊ चकत्या. तीन-चार दिवसांनी पट्ट्या काढायच्या, पुन्हा डोके भादरायचे, नव्या लावायच्या. तारा खांद्यावरच्या पिशवीतील यंत्राला जोडलेल्या. पहिल्या पिढीतील यंत्र पावणेतीन किलोंच्या आसपास होते, पुढचे निम्म्याहून हलके झाले. दिवसाचे किमान १८ तास हे सारे अंगावर हवे. झोपताना, जेवताना, पाहुणे आले तरी. ज्याच्याजवळ दीडेक वर्षच उरले असेल अशा माणसाने त्यातला तीनचतुर्थांश काळ एका पेटीला बांधून घ्यायचा, हा सौदा वरवर दिसतो तितका सोपा नाही. त्यात कातडीला येणारी खाज आणि आरशातला स्वतःचा चेहरा धरलेला नाही.

आणि मग पुराव्याचा प्रश्न. रोग उलटलेल्या २३७ रुग्णांवरील चाचणीत हे यंत्र औषधांपेक्षा सरस ठरले नाही. मध्यगत आयुर्मान ६.६ विरुद्ध ६.० महिने. तरी दुष्परिणाम कमी म्हणून २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. नव्याने निदान झालेल्या ६९५ रुग्णांच्या चाचणीचे अंतिम निष्कर्ष २०१७ मध्ये आले: यंत्र आणि औषध मिळून २०.९ महिने, नुसत्या औषधाने १६.० महिने. पाच वर्षे जगलेले १३ टक्के, विरुद्ध ५ टक्के. या रोगात असे आकडे क्वचितच दिसतात. तरीही अनेक तज्ज्ञ साशंक राहिले, आणि त्यांची शंका समजून घेण्यासारखी आहे. या चाचणीत बनावट यंत्र वापरले नव्हते. ज्याच्या डोक्यावर पट्ट्या होत्या त्याला ते ठाऊक होते, डॉक्टरलाही ठाऊक होते. पट्ट्या किंचित गरम होतात, त्यामुळे नुसती रिकामी पेटी देऊन फसवणेही कठीण होते. जे रुग्ण यंत्र अधिक तास वापरतात ते अधिक जगतात असेही दिसले. पण ज्याच्या अंगात त्राण अधिक तोच ते अधिक तास वापरू शकतो, हेही खरे नव्हे काय? कार्य आणि कारण यांची अदलाबदल इथे सहज होते. शिवाय किंमत. अमेरिकेत यादीतील दर महिन्याला २१,००० डॉलर होता. इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१८ मध्ये खर्चाच्या मानाने लाभ पुरेसा नाही म्हणून हा उपचार देऊ नये असा निर्णय दिला. पुढे २०१९ मध्ये फुप्फुसाच्या आवरणाच्या एका अर्बुदासाठी आणि २०२४ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका प्रकारासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. तरी या विद्युतक्षेत्रांचा विषय निघाला की अजून भुवया उंचावतात.

एब्रम्स यांची पेटी आणि पाल्टी यांची पेटी यांत फरक आहे तो इतकाच, आणि तो पुरेसा आहे: दुसऱ्या पेटीवर घेतलेला प्रत्येक आक्षेप प्रसिद्ध झालेल्या आकड्यांच्या आधारेच घेता येतो. पहिल्या पेटीबाबत आक्षेप घ्यायलाही आधी कुलूप तोडावे लागले असते.

या पार्श्वभूमीवर शरीरात बसवायच्या उपकरणांकडे पाहावे. बाहेरून लावलेल्या क्षेत्राचा मोठा अडथळा म्हणजे कवटी. हाड विजेला सहज वाट देत नाही. डेन्मार्कमधील आरहूस येथील शल्यविशारदांनी अर्बुदावरील हाड थोडे काढून किंवा त्याला छिद्रे पाडून क्षेत्राला वाट करून देण्याचा प्रयोग केला. दुसरा मार्ग सरळ आत जाण्याचा. कंपवातासाठी मेंदूत खोलवर तार बसवण्याचे तंत्र ग्रेनोबलच्या बेनाबिद यांनी १९८७ पासून रूढ केले होते. त्याच्याशी नाते सांगणारे, अर्बुदातच विद्युतअग्र ठेवण्याचे संशोधन कॅनडातील लंडन या शहरी मॅथ्यू हेब यांनी चालवले आहे. मँचेस्टरमध्ये क्यूव्ही बायोइलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी अर्बुद काढल्यावर उरलेल्या जागी बसवायचे उपकरण विकसित करत आहे. ग्लिओब्लास्टोमा बहुतेक वेळा काढलेल्या जागेच्या दोनेक सेंटिमीटरांच्या आतच पुन्हा उगवतो, हे त्यामागचे गणित. डोके भादरायला नको, पिशवी नको, लोकांच्या नजरा नकोत. जंतुसंसर्ग, बॅटरी, एमआरआय काढताना येणाऱ्या अडचणी आणि दूरच्या जागी उगवणारी गाठ हे प्रश्न अर्थात उरतातच.

पण आणखी एक गोष्ट आहे, आणि या उपकरणांविषयीच्या उत्साही लेखनात तिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही असे मला वाटते. आत बसवलेले यंत्र चालू आहे की बंद हे बाहेरून दिसत नाही. क्षेत्र इतके मंद ठेवता आले की रुग्णाला ते जाणवणार नाही, तर त्यालाही ते कळणार नाही. म्हणजे जी चाचणी आजवर नीट करता आली नाही, ती करता येईल. अर्बुद काढण्यासाठी कवटी उघडावी लागतेच. त्याच वेळी सर्व रुग्णांना यंत्र बसवायचे आणि चिठ्ठ्या टाकून निम्म्यांचे चालू करायचे, निम्म्यांचे बंद ठेवायचे. मेंदूत खोलवर तार बसवण्याच्या उपचारांची अशी पारख पूर्वी झालेली आहे. तिथे मात्र बंद ठेवलेले यंत्र काही महिन्यांनी चालू करता येत होते, आणि रुग्ण ते महिने काढू शकत होता. ग्लिओब्लास्टोमाच्या रुग्णाला डोक्यात बंद यंत्र घेऊन त्याच्या नकळत वर्षभर थांबायला सांगायचे, की त्याचे यंत्र चालू करून पुढच्या हजारो रुग्णांसाठी तीच जुनी शंका शिल्लक ठेवायची, हे आता संशोधकांच्या आणि नैतिक समित्यांच्या टेबलावर आहे. त्यांनी काहीही ठरवले तरी संमतिपत्रावर सही रुग्णाचीच असेल, आणि ती त्याला बहुधा निदान झाल्यापासून थोड्याच दिवसांत करावी लागेल.